सुताच्या खोक्यातले गाणे

गुन्हेगार माझ्या नजरेला नजर देत नाही, ही गोष्ट मी बढाई म्हणून सांगत नाही. वडगावात कोणालाही विचारावे. मी सौभाग्यवती अक्काताई मारुतीराव ढवळे. माहेर निपाणीचे, सासर वडगाव-बेळगावचे, आणि दरारा दोन्हीकडचा. आमच्या घराला लागून यंत्रमागांची शेड आहे. त्या खडखडाटात एखादा धागा तुटला, तर तो मला स्वयंपाकघरात बसून कळतो. जिला तुटलेला धागा भिंतीपलीकडून कळतो, तिला तुटलेली नीतिमत्ता कळणार नाही काय?

शहरी गुप्तहेरांना भिंग विकत आणावे लागते. माझ्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी, कापडाची वीण तपासायचे भिंग पिढीजात लटकते आहे. त्यांना एखादा मदतनीसही लागतो म्हणे. मला तशी गरज कधी भासली नाही. मी बोलते आणि घर ऐकते, एवढीच माझी कार्यपद्धती.

आजवर मी उकललेल्या प्रकरणांत दह्याच्या गाडग्याचे प्रकरण (मांजर), नळाचे पाणी नाहीसे होण्याचे प्रकरण (महानगरपालिका) आणि सुनेच्या हरवलेल्या जोडव्याचे प्रकरण (तिच्याच पायात) ही ठळक होत. तिसऱ्यात मी गॅसवाला, दूधवाला आणि आमचे व्याही यांची कसून झडती घेतली. ते थोडे जास्त झाले, असे व्याह्यांचे मत पडले. ते अजून आमच्याकडे जेवत नाहीत. सत्याच्या शोधात एखादे पान कमी वाढावे लागले तर मी ते वाढत नाही.

आमचे हे, म्हणजे मारुतीराव, जन्मभर मागांच्या आवाजात राहिल्याने कानांनी अधू आहेत. त्यामुळेच संसार सुखाचा झाला, असे गल्लीतले लोक म्हणतात. कोणाचा, हे मात्र कोणी स्पष्ट करत नाही.

असो. प्रकरणाकडे वळू.

माझी नात नीलम. पदवी हातात आली, बंगळुरूच्या एका कचेरीत नोकरी ठरली, आणि त्याच आठवड्यात पोरीने जाहीर केले की तिला नोकरी नको, गाणी करायची आहेत. नुसती गायची नाहीत, करायची. मागांच्या खडखडाटावर ठेका धरून तिने गाणी रचली होती, शहापुरात विक्रम नावाच्या तरुणाच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रितही केली होती. तिचा बाप बसवंत, माझा थोरला, म्हणाला की गाण्याने पोट भरत नाही. पोरगी रडली. खटला माझ्यासमोर आला.

मी निकाल दिला. "हे बघ नीलम, आपण साडी कुणाला फुकट देतो व्हय? माल चांगला असला की गिऱ्हाईक पैसे देऊन नेतंय. येत्या रविवारी खासबागच्या बाजारात दुकान लाव. सांजच्याला तुझं खोकं रिकामं झालं, आणि लोकांनी पैसे देऊन रिकामं केलं, तर तू हितंच राहून गा. बसवंत एक शब्द बोलणार न्हाई. न्हाई झालं रिकामं, तर सोमवारची गाडी, बंगळुरू."

बसवंत त्यानंतर खरोखरच एक शब्द बोललेला नाही. या कथेतही तो बोलणार नाही.

नीलमने गाणी पेनड्राइव्हवर घातली. रिक्षात, टीव्हीला, ट्रॅक्टरला, तो कुठेही लागतो म्हणे. माझी सून मंगल साडीच्या उरल्या तुकड्यांचे बटवे शिवण्यात वाकबगार आहे. तिने एकेका पेनड्राइव्हला एकेक बटवा शिवला. एकीकडे संक्रांतीच्या वाणासाठीही तसलेच बटवे ती शिवतच होती, तिला वेगळा त्रास पडला नाही. नीलमचा माल सुताच्या खोक्यात भरून, सुतळीने बांधून माजघरात ठेवला गेला.

मी स्वतः ती गाणी ऐकली नव्हती. नीलम मोबाइल घेऊन ऐकवायला आली तेव्हा मी तिला परत पाठवले. "पैसे देऊन ऐकीन. न्याय देणाऱ्यानं नमुना फुकट चाटायचा नसतोय."

याच सुमारास आमच्याकडे हळदीकुंकू झाले. बायका आल्या. त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून मी माजघरातली खोकी इकडची तिकडे करवून घेतली. मग प्रत्येकीच्या ओटीत माझ्या हाताने वाण घातले, आणि ते घरी जाऊनच उघडायचे, हा माझा नियम सर्वांना पुन्हा ऐकवला. यजमानिणीसमोर वाण चाचपून पाहणाऱ्या बाईला आमच्यात वळण नाही असे म्हणतात. हळदीकुंकवाचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. दिवस कोणते होते ते वाचकांना कळावे, एवढ्यासाठीच सांगितले.

त्यानंतर लवकरच एके सकाळी नीलम धापा टाकत आली. डोळे लाल.

"आज्जी! माझं गाणं भरमूमामाच्या रिक्षात वाजायलंय!"

"चपला भाईर काढ!" मी म्हणाले. दुःख असो वा आनंद, आमच्या उंबऱ्याचा नियम बदलत नाही. "हां. आता बोल. कुठलं गाणं?"

"सगळी! भाजीवालीच्या मोबाइलवर पण. शेजारच्या टीव्हीवर पण. अजून एक पण विकलं न्हाई मी, आणि सगळ्या वडगावाकडं हाय. आता रविवारी कोण घेणार, आज्जी? जावं लागणार मला."

ती जमिनीवर बसली आणि गुडघ्यांत तोंड घातले. मी भिंग हातात घेतले.

पहिले काम घटनास्थळाची पाहणी. खोके जागेवर होते. मी सुतळीची गाठ भिंगाखाली धरली. विणकराची गाठ, घट्ट, टोके सारखी कापलेली, मंगलच्या हातची. अनोळखी हाताने सोडून पुन्हा बांधलेली गाठ मला अंधारातही कळली असती. "खोकं कुणी उघडलेलं न्हाई," मी जाहीर केले. "म्हणजे माल खोक्यातनं गेलेला न्हाई. गाणं हवेतनं गेलंय."

"उघडून बघू या का?" मंगलने विचारले.

"पुराव्याला हात लावायचा न्हाई!" मी गाठीवर लाख ओतून अंगठा उमटवला. रविवारपर्यंत ते खोके पुरावा होते. बोट किंचित भाजले. कर्तव्यात असे होते.

हवेतून गाणे नेणारा माणूस घरातच होता. माझा नातू सौरव, नीलमचा भाऊ. याच्या कानांत सदैव पांढरी बोंडे असतात. मी प्रथम ती कान दुखण्याची समजून त्यात कोमट तेल घातले होते. ती महाग असतात, हे नंतर कळले.

मी त्याला शेडमध्ये स्टुलावर बसवले.

"सौरव, तू गाणी कुठनं आणतोस रं?"

"आणतोस म्हणजे? असत्यात की आज्जी. नेटवर."

"पैसे देऊन?"

तो इतका हसला की स्टूल हलले. "गाण्याला पैसे कोण देतंय गं आता? पेट्रोल पंपावर चाकात हवा भरतात, तिचं पैसे घेतात काय? तसंच गाणं."

"हवा सटवाईनं दिलीय. गाणं तुझ्या बहिणीनं केलंय."

"तसं न्हाई गं. एक ॲप हाय, मित्रानं दिलाय, त्यात जाहिरात पण येत न्हाई. सगळेच वापरतात. पैसे दिलं की पोरं हसतात. म्हणतात, हा बघा, आंबा झाडाखाली पडलाय आणि हा दुकानात चाललाय."

"आणि हे?" मी त्याचा मोबाइल उचलला. त्यात एक बंदूकधारी इसम डोक्यावर लाल टोपी घालून उभा होता. "ह्याची टोपी?"

सौरवने मान खाजवली. "ती विकत घेतली."

"खेळातल्या माणसाला टोपी विकत. त्याला ऊन लागायलंय काय?"

"आज्जी, ती टोपी सगळ्यांना दिसती. गाणं विकत घेतलंय का फुकट, ते कुणाला दिसतंय?"

वाक्य मार्मिक होते; म्हणून मी ते दुर्लक्षिले. त्याच्या कपाटात गाण्यांनी ठासून भरलेला एक काळा डबा सापडला. कधी ऐकतोस, असे विचारता "ऐकायला न्हाई, ठेवायला," असे उत्तर मिळाले. भरलेला संदूक न उघडता उशाशी ठेवणारा माणूस मी याआधी एकच पाहिला होता, आणि तो सावकार होता.

"पण आज्जी," तो जाता जाता म्हणाला, "गेल्या साली टीव्हीवरल्या त्या बाईच्या साडीचा काठ आपण फोटो काढून उचलला, त्याचं पैसे कुणाला दिलं आपण?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"तो काठ मी सुधारला," असे म्हणून मी चौकशी आटोपली. संशयिताला प्रश्न विचारायचा अधिकार नसतो.

दुसरा साक्षीदार भरमू रिक्षावाला. तो दारात आला तोच त्याची रिक्षा मागे गाऊ लागली. मी तत्काळ पदराचे बोळे दोन्ही कानांत कोंबले. चोरीचा माल मी कानानेही उचलत नाही.

"बंद कर ते!"

त्याने बंद केले. "अक्काताई, काय गाणं हाय म्हणायचं! पॅसेंजर उतरंनात. आणि मधलं ते तुमचं तर—"

"माझं काय ते मला ठाऊक हाय. मुद्द्याचं बोल. हे तुझ्याकडं कुठनं आलं?"

"आमच्या हिनं दिलं."

"तिला कुणी दिलं?"

"आता काय सांगू? तुमच्याच घरातनं—"

"बास!" मी हात वर केला. माझा तर्क खरा ठरला होता. घरभेदी! "पुढं बोलू नकोस. भिंतीला कान असतात."

"पण अक्काताई, तुमीच तर—"

"मीच तर काय ते शोधून काढणार. तू जा. आणि चपला घालून उंबऱ्यावर उभं राहू नकोस. चपला भाईर! आत काय बाजार भरलाय व्हय?"

हे वाक्य ऐकताच भरमूला का कोण जाणे हसू आवरेना. तो तोंड दाबत पळाला. त्याच दिवशी गल्लीतल्या पोरी मला पाहून एकमेकींना "चपला भाईर!" म्हणत खिदळताना दिसल्या. वडगावात शिस्त रुजत आहे, अशी मी मनाशी नोंद केली.

तिसरा, शहापूरचा विक्रम. त्याच्या स्टुडिओत पाऊल टाकताच माझा थरकाप झाला. चारी भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. आमच्या घरात अंडे हा शब्द सुट्टीच्या दिवशीही उच्चारत नाहीत.

"एवढी अंडी कोण खातंय?"

"कुणी न्हाई हो आज्जी. आवाज भाईर जाऊ नये म्हणून."

"भाईर जाऊ नये असं काय चालतंय हितं?"

"गाणी."

"गाणी भाईर जाऊ नयेत म्हणून एवढा खर्च, आणि तरी गेली! मग ट्रे बसवणाऱ्यानं फसवलं, न्हाई तर तू."

विक्रम बिचारा घामाने डबडबला. त्याने शपथ घेतली की त्याच्याकडून काही फुटलेले नाही. नीलमने गाणी नेली त्याच दिवशी त्याचा संगणक बिघडला आणि तो दुरुस्तीला गेला आहे. मग तो धीर करून म्हणाला, "पण खरं सांगू आज्जी? ह्या गाण्यांत तुमचा आवाज लई भारी बसलाय."

संशयित घाबरला की स्तुती करतो. माझा आवाज कुठेही भारीच बसतो. त्यात गाण्याचा काय संबंध? मी त्याच्या नावापुढे मनात काळी फुली मारली.

चौथी साक्ष फोनवर झाली. आमच्या नात्यातल्या शालूबाई हळदीकुंकवाला आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गुंजीला परत गेल्या. त्यांचाच फोन आला.

"अक्काताई, तुमचं औंदाचं वाण म्हणजे काय सांगू! गुंजीत कुणी असलं वाण—"

"वाणाचं कौतुक मागनं. मी एका गुन्ह्याच्या तपासात हाय. तिकडं नीलमचं गाणं वाजायलंय काय?"

"व्हय की! तेच तर सांगायलीय. स्टेशनातल्या चहावाल्याकडं पण वाजतंय. आमच्या नातवानं दिलं त्याला."

"तुमच्या नातवाला कुठनं मिळालं?"

"तुमच्याकडनंच की, अक्काताई!"

फोन ठेवून मी भिंतीला टेकले. जाळे माझ्या डोळ्यांपुढे उलगडले. बेळगाव, गुंजी, आणि पुढे लोंढा! लोंढ्याला गाड्या फुटतात. एक गोव्याला, एक हुबळीला. चोरांनी जंक्शन हेरले होते. घरभेद्याने माल स्टेशनावर पोचवायचा, चहावाल्याने तो गाडीत चढवायचा. या टोळीला मी लोंढा टोळी असे नाव दिले. नाव दिले की टोळी अर्धी पकडल्यासारखी असते.

"आज्जी," नीलम संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसली, "राहू दे आता. मी बॅग भरायला घेते."

तिने बॅग खरोखरच उघडली होती. कपड्यांवर सर्वांत वर एक मागाचा धोटा ठेवलेला होता, लाकडी, गुळगुळीत झालेला, आम्ही कधीच मोडीत काढलेला.

"हा कशाला न्यायलीस?"

"तिकडं आवाज न्हाई गं आज्जी मागाचा. रात्री झोप यायची न्हाई."

मला थोडे खोकल्यासारखे झाले. हवेत सुताचे तंतू असतात. "बॅग बंद कर," मी म्हणाले. "उद्या मी गुन्हेगार उभा करते."

शनिवारी दुपारी वीज गेली आणि माग थांबले. तीच संधी साधून मी सगळ्यांना शेडमध्ये बोलावले. एका बाजूला मंगल, नीलम आणि बसवंत. दुसऱ्या बाजूला सौरव, त्याचा मित्र मंथन, विक्रम आणि भरमू. मधोमध लाखेने बंद केलेले खोके. मी मागाला टेकून उभी राहिले. मारुतीराव कुठेतरी तंबाखू शोधत होते. त्यांना बोलावण्यात अर्थ नव्हता.

"तुमच्यातला एक जण," मी सुरुवात केली, "आज हितनं मान खाली घालून जाणार हाय."

विक्रमने आधीच घातली होती.

"खोकं बंद. गाठ शाबूत. म्हणजे बाहेरचा माणूस न्हाई. भरमू म्हणतो, गाणं ह्या घरातनं गेलं. गुंजीच्या शालूबाई म्हणतात, ह्या घरातनं गेलं. ह्या घरात गाणं फुकट घेणं म्हणजे हवा घेणं, असं मानणारा कोण हाय?"

सगळ्यांनी सौरवकडे पाहिले. मंथननेही पाहिले, जरी त्याच्याही मोबाइलमध्ये तेच ॲप असल्याचा मला दाट संशय होता.

"आज्जी, आईशप्पत मी न्हाई!" सौरव उठला. "मी लोकांचं घेतो, खरं हाय. पण ताईचं देईन व्हय? ती जाईल म्हणून मला काय बरं वाटायलंय?"

"मग लोंढ्याच्या टोळीला—"

"कुठली टोळी?"

"अक्काताई," भरमू म्हणाला, "मी परवापासनं सांगायचं बघायलोय, की तुमीच—"

"मधे बोलू नकोस!"

"अत्ती," मंगल हळूच म्हणाली (सासूला ती अत्तीच म्हणते), "मला पण एक वाटायलंय—"

"तुला काय वाटतंय ते मला माहीत हाय!"

याच क्षणी मारुतीराव शेडमध्ये आले. कोण जमले आहे, काय चालले आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. निपाणीहून माझ्या भावाने पाठवलेल्या तंबाखूची पुडी त्यांच्या एका हातात होती. ते सरळ मधोमध आले, खोक्यावरची लाख नखाने खरवडली, गाठ सोडली आणि आतून एक बटवा काढला.

"अहो! पुरावा!" मी ओरडले.

"व्हय, पुरंल," ते म्हणाले, आणि बटव्यात दोन बोटे घालून चाचपून पाहिले. त्यांचा चेहरा उजळला. "हां! हे बरं केलंस. हा रिकामा हाय. त्या दिवशी वाणातला एक उचलला, त्यात ती काडी होती. तंबाखू काढताना बोटाला टोचायची. भरमूच्या बायकोनं सांगितलं, तिच्यात पण तसलीच निघाली. मी आपली काडी तिलाच देऊन टाकली."

काडी म्हणजे पेनड्राइव्ह, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना एकदम उमगले.

मंथनने दुसरा बटवा काढला. रिकामा. सौरवने तिसरा. रिकामा. मंगलने खोके जमिनीवर उपडे केले. रंगीत, सुबक, काठापदराचे बटवे, आणि एकातही गाणे नाही.

"हे माझं वाणाचं खोकं," मंगल म्हणाली. "दोन्ही मीच बांधली होती, अत्ती. एकाच सुतळीनं."

म्हणजे माझ्या हाताने, कुंकू लावून, ओटीत, प्रत्येकीला. लोंढा टोळी गुंजीपर्यंत पोचली ती गाडीने नव्हे, शालूबाईंच्या पिशवीतून. आणि साक्षीदारांनी खरे सांगितले होते, फक्त त्यांना वाक्य पुरे करू देण्याची माझी पद्धत नव्हती.

तपासात ही शक्यता माझ्या मनात कुठेतरी होतीच. तिला बोलून दाखवायची वेळ आली नव्हती, इतकेच.

"परत मागू या का?" विक्रमने विचारले.

"वाण?" मंगल आणि मी एकाच वेळी म्हणालो. सवाष्णीच्या ओटीत घातलेले परत मागणाऱ्या घराची पायरी कोणी चढत नाही. आणि ओटीत एकदा पडले की ते तिचे. तिने ते नातवाला द्यावे, चहावाल्याला द्यावे, रिक्षात लावावे. त्याला चोरी म्हणता येत नाही. मी डोळे मिटून ते शब्द गिळले.

नीलम खाली वाकून बटवे पुन्हा खोक्यात भरू लागली. एकेक, काठ सरळ करून. "झालं मग," ती म्हणाली. "विकायला काय उरलं?"

"दुकान लागणार," मी म्हणाले.

"रिकामे बटवे घेऊन?"

"ठरलं म्हणजे ठरलं. ढवळ्यांनी बाजाराला सांगितलेलं दुकान कधी चुकवलं न्हाई."

हे मी का म्हणाले, मला ठाऊक नाही. धोटा डोळ्यांसमोर होता, असे वाटते.

रविवारी खासबागच्या बाजारात, भाजी आणि भांड्यांच्या मधल्या जागेत, नीलमने पथारी मांडली. मी बाजूला खुर्ची टाकून बसले. तिने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: "गाणी तुमच्याकडे पोचलीच आहेत. पिशवी राहिली होती."

प्रथम कोणी आले नाही. मग मंथन आला. इकडेतिकडे पाहिले, आणि एक बटवा उचलून पैसे नीलमपुढे ठेवले.

"थांब," मी म्हणाले. न्याय चोख असावा लागतो. "तुझ्या मोबाइलात गाणी हायत?"

"हायत आज्जी."

"फुकट घेतलीस?"

"व्हय."

"मग हे पैसे कशाचे? बटव्याचे की गाण्याचे? नीट सांग. ह्याच्यावर पोरीची गाडी अवलंबून हाय."

मंथनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो आवाज उतरवून म्हणाला, "गाण्याचेच हो आज्जी. एवढ्या बटव्याचं मी काय करू? पण गाण्याचं म्हणून पैसे दिलं तर पोरं चिडवतील. बटवा घेतला म्हटलं की कुणी इचारत न्हाई."

त्याच्यामागे सौरव उभा होता. त्याने काही न बोलता दोन बटवे घेतले. एक कमरेच्या पट्ट्याला अडकवला, सगळ्यांना दिसेल असा. खेळातल्या माणसाच्या टोपीसारखा.

आणि मग लोक आले. पोरे आली, गाणी गुणगुणत, बटवे बोटाला फिरवत गेली. पोरी आल्या, काठ बघून भांडल्या. भरमू आला, रिक्षाच्या आरशाला टांगायला. हळदीकुंकवाच्या बायका आल्या. वाणाचे पैसे कोण देते, पण सुनेला म्हणून, लेकीला म्हणून, जोडी लागते म्हणून. जो तो येताना माझ्याकडे पाहून हसत होता, आणि मी मान तुकवत होते. तपासाची कीर्ती पसरायला वेळ लागत नाही.

उन्हे कलली तेव्हा खोक्यात एक बटवा उरला होता. गर्दी ओसरली. नीलम माझ्याकडे पाहीना.

मी कमरेची चंची सोडली, भाव विचारला, घासाघीस केली नाही, आणि पैसे तिच्या हातावर ठेवले. "माझ्या घरातला माल मी घेतला तरी पैसे देऊन घेतला. खोकं रिकामं. बसवंत!"

बसवंतने मान हलवली. बोलला नाही.

नीलम मला अशी बिलगली की भिंग बरगडीत रुतले. मग डोळे पुसून म्हणाली, "आज्जी, आता ऐक. आता विकत घेतलंस."

तिने मोबाइल माझ्या कानाशी धरला. आधी मागांचा खडखडाट आला, आमच्याच शेडचा, चौथ्या मागाची लंगडी चाल मी ओळखली. त्यावर नीलमचा आवाज, सुतासारखा. मला बरे वाटले, हे लिहायला हरकत नाही. आणि मग, ऐन मोक्यावर, माग एकदम थांबले आणि एक बाई गरजली: "चपला भाईर! आत काय बाजार भरलाय व्हय?"

ढोल वाजला. पुन्हा: "चपला भाईर!" पुन्हा ढोल. म्हणजे लोक दिवसभर माझ्याकडे पाहून हसत होते ते तपासाच्या कीर्तीमुळे नव्हे.

"शेडमध्ये मागांचा आवाज घेताना तू आत आलीस," नीलम चाचरत म्हणाली. "सगळ्यांना तेच लई आवडलंय. मी तुला इचारलं न्हाई."

"न विचारता घेतलंस," मी म्हणाले. "म्हणजे चोर घरातच होता. मी पहिल्यापासनं सांगत होते."

तेवढ्यात भरमू आम्हाला घरी न्यायला आला. रिक्षातून उतरला, आणि तडक चपलांसकट आमच्या पथारीवर चढला.

मी तोंड उघडले. मग मिटले, आणि त्याच्याकडे नुसते पाहत राहिले. ते वाक्य आता विकत मिळते.